रेशनच्या दिवसांतील नाताळ

सणाच्या दिवशीं चार माणसें घरीं बोलवावींत आणि त्यांच्यापुढें भरलेलें ताट ठेवावें, ही हौस सर्व देशांतील गृहिणींना सारखीच असते. घरांत पुरेसें नसतां ताट कसें भरावें, हा प्रश्नही तितकाच जुना आहे. परंतु सबंध राष्ट्राला हा प्रश्न एकाच वेळीं सोडवावा लागल्याचीं उदाहरणें थोडींच. दुसऱ्या महायुद्धांतील इंग्लंडचा नाताळ हें त्यांपैकीं एक होय.

नाताळच्या मेजवानीचा आज परिचित असलेला थाट व्हिक्टोरिया राणीच्या काळांत रूढ झाला. त्याबरोबरच गरिबांची ओढाताणही सुरू झाली. मजूर लोक आठवड्यास कांहीं पेनी साठवून वर्षअखेर हंस विकत घेत. त्यासाठीं आपल्या भिशीसारखीं मंडळेंच असत. पुष्कळांच्या घरीं मोठी चूल नसे. मग हंस भाजावयास पाववाल्याच्या भट्टींत जाई. डिकन्सच्या १८४३ सालच्या ‘ख्रिसमस कॅरोल’मधील क्रॅचिट कुटुंब असेंच आहे. त्यांच्या मोठ्या परिवाराला पुडिंग लहान पडतें, परंतु तसें कोणी बोलून दाखवीत नाहीं. पाहुणचाराचें सगळें शास्त्र त्या न बोलण्यांत आहे.

पुढें १९३९ सालीं युद्ध पेटलें. इंग्लंडचें बहुतेक अन्न समुद्रावरून येई, आणि त्या समुद्रांत जर्मन पाणबुड्या फिरूं लागल्या. ८ जानेवारी १९४० पासून लोणी, साखर आणि खारवलेलें डुकराचें मांस यांवर रेशन आलें. मार्च महिन्यांत इतर मांस आणि जुलैंत चहा यांचीही पाळी आली. चहा माणशीं आठवड्यास अवघा दोन औंस, म्हणजे आपले जवळजवळ पांच तोळे! १९४० च्या नाताळच्या आठवड्यांत सरकारनें चहा दुप्पट केला आणि साखर आठ औंसांवरून बारा औंसांवर नेली. सणाची सरकारी भेट ती एवढीच.

त्या वेळीं अन्नमंत्री होते लॉर्ड वुल्टन. ते मूळचे मोठ्या दुकानांचे चालक असल्यामुळें गिऱ्हाइकाचें मन त्यांना चांगलें ठाऊक होतें. नुसत्या हुकुमांनीं स्वयंपाकघर चालत नाहीं, हें ओळखून त्यांच्या खात्यानें रेडिओची मदत घेतली. १९४० च्या जूनपासून सकाळीं सव्वाआठला बी. बी. सी. वर ‘किचन फ्रंट’ हा पांच मिनिटांचा कार्यक्रम सुरू झाला. बाजारहाटास निघण्यापूर्वीं गृहिणीनें तो ऐकावा, अशी योजना होती.

या काळांतील युक्त्या ऐकण्यासारख्या आहेत. पुडिंगांत साखर व सुका मेवा कमी पडे, म्हणून किसलेलें गाजर घालीत. हंस मिळाला नाहीं, तर मसुराची डाळ आणि पावाचा चुरा यांचे थर भाजून ‘खोटा हंस’ ताटांत येई. बदामाच्या मिठाईंत बदाम नसत. सोयाबीनच्या पिठांत बदामाचा अर्क घालून भागवीत. अंड्यांची जागा १९४२ पासून अमेरिकेहून आलेल्या अंड्याच्या भुकटीनें घेतली. १९४० च्या ऑगस्टांत केकवर साखरेचा लेप चढवून विकण्यास बंदी झाली. तेव्हां लग्नाच्या लहानशा केकवर पुठ्ठ्याचें नक्षीदार झांकण ठेवूं लागले. सजावटीसाठीं जुन्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्या रंगवून माळा करीत. हिरव्या डहाळ्या रेचक म्हणून विकल्या जाणाऱ्या एप्सम सॉल्टच्या दाट पाण्यांत बुडवून वाळविल्या कीं बर्फ पडल्यासारख्या चमकत. ही शेवटची सूचना तर खुद्द अन्नखात्याचीच होती.

परंतु माझ्या मतें खरा फरक पाहुण्याच्या वागण्यांत पडला. चहास येणारा पाहुणा आपली चिमूटभर चहा-साखर पुडींत बांधून आणी. मुक्कामास येणारा आपलें शिधापुस्तक यजमानिणीच्या हातीं देई. शांततेच्या काळीं हा अपमान ठरला असता. आतां तोच शिष्टाचार झाला. यजमानीण काय वाढूं शकते हें सर्वांनाच ठाऊक होतें, त्यामुळें उणेपणाची लाज उरली नाहीं.

ही समता अर्थात् पूर्ण नव्हती. उपाहारगृहांतील जेवणास कूपन लागत नसे, म्हणून पैसेवाल्याला तेथें मार्ग मोकळा होता. लोकांची कुरकुर वाढली, तेव्हां १९४२ च्या जूनमध्यें एका जेवणास पांच शिलिंगांची मर्यादा घालावी लागली. काळा बाजारही होताच. तरी ठराविक किमान अन्न प्रत्येकास मिळत होतें, हें खरें.

त्याच साम्राज्यांत १९४३ सालीं बंगालमध्यें काय घडलें, हें सांगितल्यावांचून ही हकीकत पुरी होत नाहीं. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला होता, वादळानें पिकें बुडालीं होतीं, भाव भडकले होते आणि साठेबाजी चालली होती. सरकारला वेळींच जाग आली नाहीं. भूक व रोगराई यांनीं सुमारे तीस लाख माणसें मेलीं, असा अंदाज आहे. कलकत्त्यांत रेशन सुरू झालें तें १९४४ च्या जानेवारींत. आपल्या मुंबईंत मात्र तें २ मे १९४३ रोजींच सुरू झालें होतें, आणि त्या वर्षीं दिवाळींत रव्या-साखरेचा हिशेब मांडणाऱ्या गृहिणींना लंडनच्या गृहिणींची अडचण सांगावी लागली नसती. लंडनला जें माणशीं मोजून दिलें गेलें, तें बंगालच्या खेड्याला मिळालें नाहीं. पाहुण्यानें आणलेल्या साखरेच्या पुडीचें कौतुक करतांना हा भेद दृष्टीआड करून चालणार नाहीं.

इंग्लंडांतील शेवटचें रेशन १९५४ च्या जुलैंत उठलें. त्यानंतर गाजराचें पुडिंग मागें पडलें आणि खोट्या हंसाची कोणी आठवण काढली तर ती हंसण्यासाठींच. परंतु अपुऱ्या सामग्रींत सण साजरा करणाऱ्या कोणत्याही घराला त्यांतून दोन गोष्टी घेतां येतील. आपली अडचण पाहुण्यापासून लपवूं नये. आणि पाहुण्यानेंही रिकाम्या हातीं येऊन सगळा भार यजमानिणीवर टाकूं नये. एवढें साधलें, तर ताट लहान असलें तरी पंगत मोठी होते.