जुन्या लॅपटॉपला नवे बळ : किनारपट्टीवर काय बदलावे, काय टाळावे

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा परिसरातील अनेक गावे त्यानंतर कित्येक दिवस अंधारात होती. करोनामुळे शाळांचे वर्गही त्याच वर्षी पडद्यावर आले. नवा लॅपटॉप घेणे प्रत्येकाच्या आवाक्यात नसते आणि अशा वेळी कपाटातील जुन्या यंत्राची आठवण होते. ते घरच्या घरी पुन्हा कामाचे करता येईल का, याचे उत्तर बहुतेकदा होकारार्थी आहे. मात्र रायगडच्या किनाऱ्यावर कामाचा क्रम थोडा वेगळा ठेवावा लागतो. येथे नवे भाग बसविण्यापूर्वी यंत्रात साचलेले मीठ काढावे लागते.

खारी हवा काय करते?

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. लॅपटॉपचा पंखा ते धुळीसह आत ओढून घेतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील पाणी शोषून विरघळू लागते. पावसाळ्यात किनाऱ्यावरची आर्द्रता बहुतेक काळ या मर्यादेच्या वरच असते. त्यामुळे एरवी निरुपद्रवी वाटणारी धूळ जुलैत वीजवाहक ओलावा बनते, तांब्याच्या जोडांवर हिरवट थर चढतो आणि यंत्र सुरू होईनासे होते. यात एखादा भाग जळालेला असतोच असे नाही. पुष्कळदा केवळ जोड खराब झालेले असतात.

आधी प्रत, मग पेचकस

यंत्र सुरू होत असेल तर प्रथम त्यातील कागदपत्रे व छायाचित्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावीत. होत नसेल तर हार्ड डिस्क काढून यूएसबी केसमध्ये बसवावी व दुसऱ्या संगणकावर वाचून पाहावी. जुनी मराठी पत्रे, हिशेब किंवा हस्तलिखिते युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील तर तो फॉन्ट व ती प्रणालीही जपून ठेवावी. त्यांच्याविना तो मजकूर निरर्थक अक्षरांच्या ओळी होऊन बसतो. फॉन्टच्या परिवर्तकाने तो युनिकोडमध्ये आणणे हाच कायमचा उपाय आहे.

काम शक्यतो हिवाळ्यातील कोरड्या दिवशी करावे. अॅडॅप्टर व बॅटरी काढून सुरू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून ठेवावे, म्हणजे आतील उरलेली वीज निघून जाते. हाताने आधी उघड्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरील स्थिर विजेचा झटका नाजूक चिपला बसत नाही. धूळ मऊ ब्रशने काढून जोड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. हात स्वच्छ करण्याचे सॅनिटायझर त्याऐवजी वापरू नये. त्यात बहुधा ग्लिसरीन असते व त्याचा चिकट थर मागे राहतो. रॅमची पट्टी काढून, तिची टोके पुसून पुन्हा बसविली तरी काही यंत्रे सुरू होतात. प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट याच वेळी बदलावी.

सर्वाधिक फरक डिस्कचा

जुना लॅपटॉप संथ वाटतो तो बहुधा हार्ड डिस्कमुळे. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या डिस्कला हवी ती माहिती सुईखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद थांबावे लागते. सुई सरकण्याचा वेळ त्याहून निराळा. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने ही प्रतीक्षा जवळजवळ संपते. म्हणूनच जुन्या, कमी वेगाच्या साटा जोडावरही एसएसडीचा लाभ स्पष्ट जाणवतो.

खरेदीपूर्वी जोडाचा प्रकार पाहावा. साधारण २००५-०६ पर्यंतच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ४४ पिनांचा आयडीई जोड असे. त्यानंतर साटा रूढ झाला. आयडीई यंत्रात साटा डिस्क थेट बसत नाही. तेथे रूपांतरक लागतो किंवा कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड साध्या जोडपट्टीने बसविता येते, कारण या कार्डाची भाषा आयडीईचीच आहे. जुन्या बायोसला १३७ जीबीपेक्षा मोठी डिस्क पूर्ण दिसत नाही, हेही ध्यानात असावे. घर वर्षातून एखाद-दोनदाच उघडले जात असेल तर माहितीची एकमेव प्रत एसएसडीवर ठेवू नये. दीर्घकाळ वीज न मिळाल्यास तिच्यातील नोंदी पुसट होऊ शकतात.

रॅम : खाच पाहा

डीडीआर व डीडीआर-२ या दोन्ही पट्ट्यांना २०० पिना असतात, पण खाचेची जागा आणि विजेचा दाब वेगळा असतो. डीडीआर-३ ला २०४ पिना असतात. पट्टी सहज बसत नसेल तर ती चुकीची आहे असे समजावे; जोर लावू नये. रॅमची कमाल मर्यादा चिपसेट ठरवितो. उदाहरणार्थ, २००६ च्या सुमारास प्रचलित असलेल्या इंटेल ९४५ जीएम चिपसेटवर ४ जीबी बसविली तरी सव्वातीन जीबीच्या आसपासच वापरात येते. बहुतेक जुने भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर धुंडाळता येतात. जाताना जुनी पट्टी सोबत न्यावी.

बॅटरी आणि घड्याळाचा सेल

फुगलेली बॅटरी तत्काळ काढून टाकावी. टचपॅड वर उचलला जाणे हे तिचे एक लक्षण आहे. लिथियम पॅक उघडून आतील सेल घरी बदलणे धोक्याचे असून तयार पॅकच घ्यावा. बॅटरीविनाही बरेच लॅपटॉप अॅडॅप्टरवर चालतात. नवा अॅडॅप्टर घेताना व्होल्ट व पिनेची ध्रुवता तीच असावी. अँपिअर तेवढेच किंवा अधिक चालतील.

दिनांक वारंवार मागे जात असेल तर मदरबोर्डवरील तीन व्होल्टचा नाण्याएवढा सेल संपला आहे असे समजावे. चुकीच्या दिनांकामुळे सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत व दोष इंटरनेटवर ढकलला जातो. १९९० च्या दशकातील काही यंत्रांत याच जागी निकेलचा पुनर्भारित सेल असे. त्यातून गळणारे अल्कली द्रव तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. असे यंत्र हाती आल्यास पहिले काम तो सेल काढण्याचे.

येथे हात घालू नये

साधारण २००९ पूर्वीच्या बऱ्याच पडद्यांमागे बारीक ट्यूबलाइट असते व तिला शेकडो व्होल्टचा पुरवठा होतो. तो भाग तसेच अॅडॅप्टरचे आवरण अनुभवी कारागिरानेच उघडावे. समांतर पोर्टवरील हार्डवेअर कुलपावर चालणारी जुनी डीटीपी प्रणाली किंवा सिरिअल पोर्टवरील मोजणी-उपकरण यंत्राला जोडलेले असेल तर कार्यप्रणाली बदलू नये. अशी कुलपे यूएसबी रूपांतरकावर बहुधा चालत नाहीत.

कार्यप्रणाली

विंडोज एक्सपीचे साहाय्य एप्रिल २०१४ मध्ये, विंडोज ७ चे जानेवारी २०२० मध्ये, तर विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे आहे. हलकी लिनक्स प्रणाली हा त्यावर व्यवहार्य पर्याय असून तीत मराठी युनिकोड टंकलेखनही होते. मात्र प्रोसेसर ६४ बिटचा आहे का, हे आधी तपासावे. इंटेलचा कोअर ड्युओ ३२ बिटचा, तर कोअर टू ड्युओ ६४ बिटचा आहे. डेबियनने २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपासून ३२ बिट पीसीसाठी स्थापना-संच देणे बंद केले.

दुरुस्तीनंतर यंत्र बंद कपाटात ठेवू नये. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर चालविल्यास आतील उबेने ओल कमी राहते. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात व त्या ठरावीक काळाने बदलाव्यात. निकामी बॅटरी, बोर्ड वा पडदा घरच्या कचऱ्यात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत ई-कचऱ्याच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे.