तळटीप : गाडलेली लांबी

मूळ लेखात हा शब्द सहज येऊन जातो, म्हणून थोडा खुलासा. गाडलेली लांबी म्हणजे बोल्टच्या काँक्रीटच्या आत राहिलेल्या भागाची लांबी. डोकं असलेला बोल्ट वर ओढला आणि पोलाद तुटलं नाही, तर त्याच्याभोवतीचं काँक्रीटच नरसाळ्याच्या आकारात उखडून येतं. ही लांबी दुप्पट केली, तर हे उखडणं सुमारे २.८ पट अवघड होतं. बोल्ट काठाजवळ असला की हिशेब बिघडतो. नरसाळं पुरं व्हायला जागाच उरत नाही.

चिकटवलेल्या बोल्टचं दुखणं निराळं.

१० जुलै २००६ रोजी बॉस्टनच्या एका बोगद्यात छताचे काँक्रीटचे तक्ते, लटकवणाऱ्या सामानासकट सुमारे २६ टन वजनाचे, कोसळले; खालच्या मोटारीतली महिला दगावली. छताला भोकं पाडून बोल्ट इपॉक्सीने चिकटवून बसवले होते. थोड्या वेळाच्या ओढीला ही लवकर घट्ट होणारी इपॉक्सी टिकायची, पण कायमच्या ओझ्याखाली हळूहळू ताणली जायची. (थोड्या वेळाच्या ओढीवर विसंबणं म्हणजे डिंकाची परीक्षा दोन मिनिटांत घेण्यासारखंच!) त्याच बोगदा-प्रकल्पात १९९९ मध्ये काही बोल्ट खाली सरकलेले दिसले होते. त्यांची दुरुस्ती झाली. मूळ कारण मात्र तेव्हा हाती लागलं नाही. — संपा.