न्यू डॉन (वेली गुलाब)

न्यू डॉन : रोझेसी कुलातील मोठ्या फुलांचा वेली गुलाब. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील न्यू ब्रन्झविक येथे सापडलेला. सॉमरसेट रोझ नर्सरीने १९३० साली विक्रीस आणला. फूल ७ ते ८ सेंमी. रुंद, शिंपल्याच्या आतल्या अंगासारखे फिकट गुलाबी, उन्हात पांढुरके होत जाणारे. वास मंद आणि गोडसर. फुले एकेकटी किंवा लहान झुबक्यांत येतात. पाने गर्द हिरवी व तुकतुकीत, काटे भरपूर आणि आकड्यासारखे वळलेले. आधार मिळाल्यास ४ ते ६ मी. चढतो. ‘एव्हरब्लूमिंग डॉ. डब्ल्यू. व्हॅन फ्लीट’ या लांबलचक नावानेही तो विकला जात असे. जगातील पहिले वनस्पती-पेटंट याच गुलाबाला मिळाले. घरच्या बागेत मात्र तो त्या कीर्तीमुळे टिकलेला नाही. दुर्लक्ष सोसतो, अर्धवट सावली चालवून घेतो आणि पुन्हा पुन्हा फुलतो, म्हणून टिकला.

वंशावळ : न्यू डॉन कोणी संकर करून घडवला नाही. त्याच्या आधीचा गुलाब घडवलेला होता. वॉल्टर व्हॅन फ्लीट (१८५७–१९२२) हे वैद्यकीचा व्यवसाय सोडून वनस्पतींच्या संकराकडे वळलेले डॉक्टर. अमेरिकेचा कडाका सोसून कुंपणावर, अंगणात विनातक्रार वाढतील असे गुलाब त्यांना हवे होते. त्यासाठी त्यांनी जपान व पूर्व आशियातला, जमिनीवर सरपटणारा रोझा विचुराना हा रानगुलाब निवडला. त्याचा ‘साफ्रानो’ या १८३९ च्या फ्रेंच टी गुलाबाशी संकर केला आणि त्या संकराचा ‘सुव्हनीर द्यू प्रेसिदाँ कार्नो’ या १८९४ च्या हायब्रिड टीशी पुन्हा संकर केला. या मेळातून निघालेला वेल पीटर हेंडरसन या बियाणे-व्यापारी पेढीने १९१० मध्ये ‘डॉ. डब्ल्यू. व्हॅन फ्लीट’ या नावाने बाजारात आणला. तुकतुकीत पाने व काटकपणा रानगुलाबाचा, फुलाचा डौल फ्रेंच पूर्वजांचा. उणीव एकच : तो वर्षातून एकदाच, जूनमध्ये फुले. पुढचे अकरा महिने एकही फूल नाही.

या जातीच्या एका झाडावर मोसमभर पुन्हा पुन्हा फुलणारी फांदी निघाली. बागवानांच्या भाषेत असा फुटवा म्हणजे ‘स्पोर्ट’. शास्त्राच्या भाषेत मुकुल-उत्परिवर्तन, म्हणजे एका डोळ्यातल्या पेशींत आपोआप झालेला आनुवंशिक बदल. न्यू ब्रन्झविकचे हेन्री बोसेनबर्ग यांनी तो ओळखला व कलमांनी वाढवला. व्हॅन फ्लीट तोवर हयात नव्हते.

एकदाच फुलणे आणि सतत फुलणे यांतला फरक गुलाबात बराचसा एका जनुकावर ठरतो. केएसएन नावाचे हे जनुक फुलण्याला लगाम घालते, हे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. ते शाबूत असेल तर झाड वसंतानंतर फुलणे थांबवून नुसते वाढत राहते. निकामी असेल तर प्रत्येक नव्या फुटव्याच्या टोकाला कळी धरते. म्हणूनच उंच चढणे आणि सतत फुलणे हे गुण एकमेकांच्या वाटेत येतात. ज्याची शक्ती लांब दांड्यांत जाते त्याला फुलायला सवड नसते, आणि जो सतत फुलतो तो सहसा झुडूपच राहतो. झुडपी गुलाबांना कधी कधी ‘क्लाइंबिंग’ स्पोर्ट निघतात. तेथे बदलाची दिशा बरोबर उलटी असते आणि फुलांचा ओघ बहुधा घटतो. न्यू डॉनमध्ये दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात, हेच त्याचे वेगळेपण. तरी ‘बारमाही’ हा विक्रेत्यांचा शब्द जपून घ्यावा. जूनचा पहिला बहर भरगच्च असतो. नंतर थंडी पडेपर्यंत फुले येत राहतात, पण तुरळक लाटांत. वेल जसजसा जुना होतो तसतशा या लाटा दाट होतात.

पेटंट : अमेरिकेत वनस्पती-पेटंटाचा कायदा २३ मे १९३० रोजी झाला. बियांवाचून, म्हणजे कलम, छाट, दाब अशा मार्गांनी वाढवलेल्या नव्या वाणांना त्याने संरक्षण दिले. बटाट्यासारखी कंदांनी लावली जाणारी पिके वगळली. टॉमस एडिसन यांनी या कायद्याला जाहीर पाठिंबा दिला होता. १८ ऑगस्ट १९३१ रोजी वनस्पती-पेटंट क्रमांक १ बोसेनबर्ग यांच्या नावे निघाले, ते या गुलाबाच्या सतत फुलण्याच्या सवयीसाठी. आपणहून निघालेल्या फांदीवर मालकी कसली, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. कायद्याचे उत्तर असे की ती फांदी वेगळी आहे हे ओळखून, जपून, तिची तंतोतंत वाढ करणाऱ्याला हे श्रेय आहे. दुर्लक्षाने हरवलेले असे फुटवे किती असतील, हे पाहता या उत्तरात तथ्य आहे. पेटंटाची मुदत तेव्हा १७ वर्षांची होती, म्हणजे १९४८ पासून न्यू डॉन कोणीही वाढवून विकू शकतो. भारतात वनस्पतींना पेटंट मिळत नाही. १९७० च्या पेटंट कायद्यानेच त्या वगळल्या आहेत. नव्या वाणांचे हक्क येथे २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली नोंदवले जातात.

लागवड : न्यू ब्रन्झविकला लागून असलेले एडिसन हे गाव १९५४ साली टॉमस एडिसन यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. आज तेथे आणि आसपास मराठी घरांची मोठी वस्ती आहे, आणि मागच्या अंगणात तुळस-मिरचीसोबत गुलाब लावणारी हौशी माणसेही आहेत. न्यू डॉनची जन्मभूमी त्यांच्या उंबऱ्यावर आहे, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असावे. खालची माहिती मुख्यतः त्या हवेला धरून आहे.

रोप थंडी ओसरल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये लावावे. निदान सहा तास ऊन हवे. चार तासांच्या उन्हातही हा गुलाब जगतो आणि उत्तरेकडची भिंतही चालवून घेतो, पण फुले कमी देतो. खड्डा ६० सेंमी. लांब, रुंद व खोल घ्यावा. भिंतीच्या बुडाशी पाऊस पोचत नाही व माती कोरडीठक्क राहते, म्हणून रोप भिंतीपासून ४५ सेंमी. दूर लावून मुळे भिंतीच्या उलट दिशेला पसरावीत. थंड प्रदेशात कलमाचा सांधा मातीखाली ५ सेंमी. जावा. दोन वेलांत अडीच ते तीन मीटर अंतर ठेवावे. हे अंतर रोप लावताना हास्यास्पद वाटते आणि चौथ्या वर्षी अपुरे. कुजलेले शेणखत, पाचोळ्याचे आच्छादन आणि आठवड्याला एकदा खोलवर पाणी एवढ्यावर त्याचे भागते. खत ऑगस्टच्या मध्यानंतर देऊ नये. कोवळे फुटवे हिमात जळतात.

बांधणी : गुलाबाला काकडीसारखे तणावे नसतात, आयव्हीसारखी चिकटमुळे नसतात. रानात तो वाकड्या काट्यांनी दुसऱ्या झाडाला अडकत वर जातो. बागेत ते काम माणसाला करावे लागते. भिंतीपासून ८ ते १० सेंमी. अंतर सोडून ४० सेंमी.च्या अंतराने आडव्या तारा ताणाव्यात आणि दांडे सैल सुतळीने, आठच्या आकड्यासारखा फास देऊन बांधावेत. हातमोजे जाड हवेत. हा गुलाब मालकाला ओळखत नाही.

नवा माणूस हमखास येथे चुकतो. वेल आहे तर वर चढू द्यावा, असे म्हणून तो दांडे सरळ उभे बांधतो आणि फुले शेंड्याला, शेजाऱ्याच्या माडीपाशी लागतात. दांड्याचा शेंडा खालच्या डोळ्यांना दाबून धरणारे द्रव्य सतत खाली पाठवत असतो. दांडा उभा असेतो त्याचेच राज्य चालते. तो आडवा किंवा पंख्यासारखा तिरपा वाकवला की हा दाब सैल पडतो, अंगावरचे डोळे एकामागून एक जागे होतात आणि प्रत्येकातून फुलांची आखूड फांदी निघते. दोन मीटर आडव्या दांड्यावर वीस ठिकाणी फुले दिसू लागतात, ती खतामुळे नसतात. दांडे कोवळे, हिरवे असतानाच वाकवावेत. दुसऱ्या वर्षी ते लाकडासारखे होतात आणि मोडतात. कमानीवर किंवा खांबावर वेल घ्यायचा असेल तर दांडे सरळ न नेता भोवती गुंडाळत न्यावेत.

छाटणी : पहिली दोन वर्षे सुकलेले तेवढे काढावे, बाकी हात लावू नये. वेल आधी मुळे आणि दांडे करतो, फुले मागाहून. या काळात निराश होऊन उपटलेले रोप बागेतला सर्वांत मोठा तोटा. पुढे दरवर्षी फोर्सिथिया या झुडपाची पिवळी फुले उमलली की छाटणीची वेळ झाली असे न्यू जर्सीत मानतात. मुख्य दांडे राखून बाजूच्या फांद्या दोन-तीन डोळ्यांवर आणाव्यात आणि सर्वांत जुने एक-दोन दांडे बुडातून काढून नव्यांना जागा द्यावी. पहिला बहर संपताच वाळलेले झुबके खालच्या पाच पानांच्या देठापाशी छाटले की पुढची लाट लवकर येते. महाराष्ट्राच्या पठारी हवेत छाटणीचा हिशेब पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात मांडावा लागतो. झुडपी गुलाबांची तेथे जशी कडक छाटणी करतात, तशी मात्र वेलावर करू नये. जुन्या दांड्यांच्या अंगावरच फुले लागायची असतात.

रोग व कीड : पाने काटक असली तरी दमट हवेत काळे ठिपके पडतात, उशिराच्या मोसमात भुरीही येते. पडलेली पाने गोळा करून टाकणे आणि संध्याकाळी पानांवर पाणी न मारणे एवढ्यानेच निम्मे काम होते. उन्हाळ्यात जपानी भुंगेरे ही खरी डोकेदुखी. अमेरिकेतील त्यांची पहिली नोंद १९१६ साली न्यू जर्सीतल्याच रिव्हरटनजवळच्या एका रोपवाटिकेतली आहे, तेव्हा गुलाब आणि त्याचा भक्षक दोघेही एकाच राज्याचे. पहाटे गारव्यात ते सुस्त असताना साबणाच्या पाण्यात झटकून टाकणे हा उपाय जुना असला तरी औषधापेक्षा बरा. फुटवे लाल, झाडूसारखे दाट आणि नेहमीपेक्षा काटेरी दिसू लागले तर तो रोझ रोझेट हा सूक्ष्म कोळ्यांमार्फत पसरणारा विषाणुजन्य रोग समजावा. त्यावर इलाज नाही. झाड मुळासकट काढावे लागते. हरणेही कोवळे शेंडे चवीने खातात.

अभिवृद्धी : रानगुलाबाचे रक्त असल्यामुळे छाट सहज मुळे धरतो, आणि जमिनीला टेकलेला दांडा मातीत दाबून ठेवला तरी चालतो. अशा स्वमूळ रोपाला खुंटाचे फुटवे येत नाहीत, हा मोठा फायदा. छाट मात्र बहर ओसरल्यावरही फुलणाऱ्या फांदीचाच घ्यावा, कारण काही झाडे मूळ, एकदाच फुलणाऱ्या स्वभावावर परततात, असा गुलाबवाल्यांचा अनुभव आहे. तीन-चार वर्षांच्या वेलावर जूननंतर एकही कळी दिसत नसेल, तर अंगणात न्यू डॉन नसून ‘व्हॅन फ्लीट’ असण्याचा संभव आहे.

संतती : संकरासाठी हा गुलाब उदार ठरला. ‘अलोहा’ (१९४९), ‘कोरल डॉन’ (१९५२), ‘परेड’ (१९५३), ‘पिंक पर्पेच्युए’ (१९६५) आणि ‘व्हाइट कोकेड’ (१९६९) हे त्याचे वंशज. ‘कम्पॅशन’ (१९७२) नातवंडांत मोडतो. १९९७ मध्ये जागतिक गुलाब संघटनांच्या महासंघाने त्याला आपल्या कीर्तिमंदिरात स्थान दिले. न्यू डॉनलाही स्पोर्ट निघाले. चेकोस्लोव्हाकियातील ब्लात्ना येथील यान ब्योम यांनी १९३५ साली असाच एक फुटवा वेगळा काढला. रंग तोच, पण पाकळ्या जुन्या गुलाबांसारख्या दाटीवाटीने घड्या घातलेल्या. त्याचे चेक नाव ‘प्रोबुझेनी’, म्हणजे जाग. अनेक दशकांनी तो ब्रिटनमध्ये पोचला आणि तेथे ‘अवेकनिंग’ या नावाने विकला जाऊ लागला.