रेस्पिरेटरी थेरपिस्ट व्हायचंय? फी भरण्याआधी एवढं वाचा

बारावी सायन्स झालं, नीटला मार्क कमी पडले, आता पुढे काय? वराळे, तळेगाव स्टेशन, वडगाव, कामशेत या पट्ट्यातल्या आपल्या कितीतरी घरांत निकालानंतर हाच विषय असतो. नर्सिंग, फार्मसी, डीएमएलटी ही नावं सगळ्यांना ठाऊक. रेस्पिरेटरी थेरपिस्ट हे नाव मात्र बहुतेकांच्या कानावर आलं ते कोविडच्या काळात, तेही अर्धवट. अमेरिकेतले नातेवाईक सांगतात, "इकडे कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांत होतं." इथे कुणी सहा महिन्यांचं सर्टिफिकेट विकतो. यातलं खरं काय, ते आम्ही इथे एकत्र मांडत आहोत.

काम काय असतं?

ज्याला श्वास घेता येत नाही, त्याचा श्वास सांभाळणं. ऑक्सिजन किती आणि कोणत्या मास्कने द्यायचा, बायपॅप कधी लावायचं, नळीतला कफ कसा काढायचा, रक्तातल्या वायूंचा एबीजी रिपोर्ट काय सांगतो, हे सगळं या कामात येतं. दमेकऱ्याला पंप नीट ओढायला शिकवणं, स्पायरोमेट्री करणं आणि कमी दिवसांच्या बाळाचा श्वास जपणं हीसुद्धा त्यांचीच कामं. निर्णय डॉक्टरांचा, पण यंत्रापाशी तासन्‌तास उभा राहतो तो थेरपिस्ट.

हे नुसतं बटण दाबण्याचं काम नाही. एक उदाहरण घ्या. १६५ सेंटीमीटर उंचीच्या पुरुषाचं आदर्श वजन सूत्रानुसार सुमारे साडेएकसष्ट किलो येतं. काट्यावर तो ९० किलोचा भरला, तरी त्याची फुप्फुसं उंचीच्याच मापाची असतात. एआरडीएस या फुप्फुसाच्या गंभीर आजारात व्हेंटिलेटरने एका श्वासाला किलोमागे ६ मिलिलिटर हवा देतात, म्हणजे सुमारे ३७० मिलिलिटर. काट्यावरचं वजन धरलं तर आकडा ५४० वर जातो, आणि आधीच सुजलेलं फुप्फुस जास्त ताणलं जातं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ८६१ रुग्णांच्या अभ्यासात कमी हवा दिलेल्या गटात मृत्यूचं प्रमाण ३१ टक्के होतं, जास्त हवेच्या गटात जवळपास ४० टक्के. एवढा फरक एका आकड्याने पडतो.

२०२० मध्ये पीएम केअर्स निधीतून ५० हजार व्हेंटिलेटरसाठी पैसे मंजूर झाले. यंत्रं विकत घेता येतात, पण ती चालवणारा जाणकार माणूस तयार व्हायला वर्षं लागतात.

दोन वर्षं की चार?

अमेरिकेतल्या नातेवाइकांचं म्हणणं खोटं नाही. तिथे कम्युनिटी कॉलेजातून साधारण दोन वर्षांची असोसिएट पदवी घेऊन हे काम करता येतं. पण कॉलेजला सीओएआरसी या संस्थेची मान्यता लागते. पुढे एनबीआरसीची परीक्षा, आणि अलास्का सोडून सगळ्या राज्यांत लायसन्स. इथली पदवी घेऊन थेट तिकडे नोकरी लागेल, हा हिशेब धरू नका.

आपल्याकडे रूढ वाट म्हणजे बी.एस्सी. रेस्पिरेटरी थेरपी: तीन वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, आणि बहुतेक ठिकाणी किमान ५० टक्के. सुरुवातीला शरीररचना आणि शरीरक्रिया, मग औषधं, उपकरणं, व्हेंटिलेटर. शेवटचं वर्ष पूर्णपणे वॉर्डात आणि आयसीयूत.

केंद्राच्या २०२१ च्या कायद्याने, म्हणजे राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने, रेस्पिरेटरी टेक्नॉलॉजिस्ट हा व्यवसाय यादीत घेतला आहे. संलग्न आरोग्य व्यावसायिकाचं शिक्षण किमान २,००० तासांचं आणि दोन ते चार वर्षांचं असावं, असं हा कायदा म्हणतो. सहा महिन्यांचं सर्टिफिकेट या मापात कुठे बसतं, ते तुम्हीच पाहा.

शिकायचं कुठे?

वराळ्यात कॉलेजं आहेत, पण या शिक्षणाला आयसीयू असलेलं मोठं रुग्णालय लागतं. मणिपाल इथे हा कोर्स बरीच वर्षं चालतो. पुण्यातल्या अभिमत विद्यापीठांतही चौकशी करावी. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे बीपीएमटी कोर्स आहेत, त्यात ॲनेस्थेशिया, ऑपरेशन थिएटर अशा जवळच्या शाखा मिळतात. मात्र त्या पदवीवर रेस्पिरेटरी थेरपिस्ट असं नाव येईल, हे गृहीत धरू नका. प्रवेश घेण्याआधी मुलाला तळेगावच्या मेडिकल कॉलेजच्या किंवा पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात घेऊन जा. आयसीयूत काम करणाऱ्या कुणाशी दहा मिनिटं बोललं, तरी बरंच कळतं.

पैशाचं कसं?

महाडीबीटी पोर्टलवर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी उच्च व व्यावसायिक शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज देतं. बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन, पिंजारी अशा बिरादरींनी ओबीसी दाखला, नॉन-क्रीमीलेअर आणि जात पडताळणीचं काम अकरावीतच सुरू करावं. ऐनवेळी कागद नाहीत म्हणून सवलत हातची जाते.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक शिक्षणात १०० टक्के शिक्षण शुल्क माफ झालं. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. पण एक मेख आहे: खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळली आहेत, आणि हा कोर्स बऱ्याचदा तिथेच असतो. त्यामुळे "मुलीला फी माफ आहे" असं कुणी तोंडी सांगितलं तर लेखी मागा.

घरात आधी बोलून घ्या

रात्रपाळी असतेच, मुलगा असो की मुलगी. हॉस्टेल आणि येण्याजाण्याची सोय आधी बघा. संसर्ग टाळण्यासाठी बऱ्याच आयसीयूत कोपराच्या खाली हात उघडे ठेवावे लागतात. स्कार्फ चालतो का, कसा बांधायचा, हे त्या रुग्णालयालाच विचारा. दाढी असेल तर एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही आणि टीबीच्या रुग्णाजवळ तो धोका ठरतो. त्याला पर्याय म्हणजे हवा पुरवणारा हूड, पण तो सगळीकडे नसतो. या गोष्टी चौथ्या वर्षी कळण्यापेक्षा आज कळलेल्या बऱ्या.

आखाती देशांत जायचं असेल तर पदवी आणि अनुभव मागतात, तिथली लायसन्स परीक्षा असते आणि डेटाफ्लोमार्फत कागदपत्रांची मूळ संस्थेकडून पडताळणी होते. कच्चा कागद तिथे टिकत नाही.

हे पाच प्रश्न विचाराच

१. पदवी कोणतं विद्यापीठ देणार, आणि त्यावर नेमकं नाव काय असेल?
२. इंटर्नशिप कोणत्या रुग्णालयात, आयसीयूत किती खाटा?
३. शिकवणारे स्वतः रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहेत का?
४. या पदवीवर राज्य परिषदेकडे नोंदणी होते का?
५. चार वर्षांची एकूण फी किती? लेखी द्याल का?

एकाही प्रश्नाला टाळाटाळ झाली, तर अब्बांच्या घामाचे पैसे तिथे भरू नका. उत्तरं सरळ मिळाली तर मात्र "हे कसलं नाव, कधी ऐकलं नाही" म्हणून मुलांना अडवू नका. कुणाच्या तरी अम्मीचा श्वास अडकलेला असताना शेजारी उभं राहून तो सांभाळणं, याहून मोठी खिदमत कोणती?