लक्ष्मीबाई सुटल्या, महार ख्रिस्ती का अडकले?

"बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्म का घेतला नाही?" रत्नागिरीतल्या आमच्या अभ्यासवर्गात हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतं आणि उत्तरही ठरलेलं असतं : तो परका धर्म. हे उत्तर अर्धंच आहे. शिवाय ते आळशी आहे. आपल्याच मंडणगड तालुक्यात, जिथं बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आहे, तिथल्या बाणकोटला स्कॉटिश मिशनरी १८२३ साली उतरले होते. म्हणजे बाबासाहेबांच्या जन्माआधी जवळजवळ सत्तर वर्षं हा धर्म दारात उभा होता. मग अडलं कुठे? यासाठी मी 'स्मृतिचित्रे' वाचायला सांगते. "ताई, बामणाच्या घरची गोष्ट आपण कशाला वाचायची?" असं मुलं विचारतात. वाचायची, कारण जातीनं वरच्या घरातही काय नासधूस केली ते त्यात आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७च्या बंडानंतर फाशी झाली. त्या प्रकारानं घराला विटाळ झाला, हे लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या डोक्यात पक्कं बसलं. विटाळ कुणाचा, हे वेगळं सांगायला नको. पुढे त्या घरात बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घ्यायचा नाही असा शिरस्ता झाला. मीठसुद्धा धुवायचं! बायकापोरांचं बालपण त्या सोवळ्यात करपलं. लक्ष्मीबाई हे हसत हसत सांगतात, पण त्या हसण्याखाली काय आहे ते वाचताना कळतं.

अकराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. नवरा नारायण वामन टिळक, आपल्या जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ साली जन्मलेले कवी. १८९५ साली मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचं आयुष्य उलटंपालटं झालं. नवरा जिवंत, पण धर्मानं गेलेला. काही वर्षं त्या नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे टिळकांकडे परतल्या तरी आपलं सोवळं त्यांनी सांभाळलं, चूल वेगळीच ठेवली. मग एका रात्री त्या विचार करत बसल्या : जाती देवानं केल्या की माणसानं? देवानं केल्या असत्या तर माणसांच्या शरीरात फरक दिसला असता. तो तर कुठेच दिसत नाही. त्या रात्रीनंतर त्यांनी कुणाच्याही हातचं खायला सुरुवात केली. बाप्तिस्मा नंतरचा, १९०० सालचा.

हा क्रम नीट लक्षात घ्या. चर्चमध्ये त्यांना इतर पुष्कळ मिळालं, प्रेम मिळालं, लिहायचं बळ मिळालं, ते मी नाकारत नाही. पण वडिलांच्या घरातला विटाळ त्यांनी बुद्धीनं आधी फेडला. आणि त्यांना तो फेडता आला, कारण तो त्यांच्या मनात होता. ब्राह्मण बाईनं सोवळं सोडलं की सोवळं संपतं.

महाराचं तसं नव्हतं. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ पासून अहमदनगर भागात काम केलं. तिथं ख्रिस्ती झालेल्यांत मोठा भरणा महार-मांगांचा. त्यांनी मनातून जात काढली तरी पाणवठा गावाच्या ताब्यात होता. नाव बदललं, वस्ती तीच राहिली. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यातलं अंतरही पुरतं मिटलं नाही.

बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिश्चनांच्या स्थितीवर इंग्रजीत एक सविस्तर निबंध लिहिला. महाराष्ट्र शासनानं काढलेल्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात तो आहे. त्यातला मुद्दा थेट आहे. ख्रिस्ती शिकवण माणसाच्या पतनाचं कारण त्याच्या पापात पाहते, त्याच्या भोवतालच्या समाजव्यवस्थेत नाही. त्यामुळे धर्मांतरित माणूस क्षमा मागतो, हक्क मागायला उठत नाही. मला हा मुद्दा आजही सगळ्यात टोकदार वाटतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच पश्चात्ताप करायला लावायचं, हे कसलं औषध? लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी पश्चात्ताप केला असता तर ते योग्य होतं. महारानं कशाबद्दल करायचा?

याच निबंधात मिशनरींच्या शाळा-दवाखान्यांची दखल बाबासाहेबांनी मोकळेपणानं घेतली आहे. आपले काही कार्यकर्ते तेवढंच विसरतात.

आता अवघड भाग. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आले. आपण, म्हणजे बौद्ध, १९९० साली आलो. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. त्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे आणि २०२२ साली त्यासाठी न्या. के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. "त्यांनी धर्म बदलला, मग सवलत कशाला?" असं आपल्यातलेही काही म्हणतात. हेच वाक्य १९५६ नंतर आपल्याला ऐकवलं गेलं, तेव्हा आपण मोर्चे काढले होते. चर्चच्या शिकवणीशी माझा वाद आहे आणि तो राहील. पण पाणवठ्यावर अडवलेल्या माणसाच्या दाखल्यावर ख्रिस्ती लिहिलंय म्हणून त्याच्या विरोधात सही करायला मी तयार नाही.