भिलाटी : नावाचा प्रश्न आणि जमिनीचा प्रश्न

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा ही नावे सरकारी कागदांतून जावीत आणि त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे यावीत, असा तो निर्णय. त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण नाव पुसताना त्या नावाखाली दडलेला इतिहासही पुसला जात असेल, तर तो इतिहास आपण आधी लिहून ठेवला पाहिजे. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात हा विचार करायला लावणारे नाव म्हणजे भिलाटी.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना हा शब्द कदाचित परका वाटेल. खानदेशात गावाच्या किंवा कसब्याच्या कडेला भिल्लांची जी वस्ती असते, ती भिलाटी. नंदुरबार, शहादा, तळोदा कुठेही जा, एक तरी भिलाटी सापडेल. कुडाच्या भिंती, वर कौले नाहीतर पत्रे, अंगणात बांधलेली एखादी शेळी, आणि बहुधा जवळून वाहणारा नाला. वस्तीतल्या माणसांची आडनावे ठाकरे, सोनवणे, मोरे, मालचे, नाईक. नुसते आडनाव ऐकून माणूस कुठला हे सांगता येत नाही, म्हणून खानदेशात पुढचा प्रश्न ‘राहता कुठे?’ असा असतो. ‘भिलाटीत’ म्हटले की विचारणाऱ्याचा आवाज बदलतो, ‘तुम्ही’चे ‘तू’ होते.

सुशिक्षितांचा एक आवडता समज आहे. आदिवासी मूळचे डोंगरातले, भिलाटी म्हणजे पोटासाठी सातपुडा उतरून आलेल्यांची वस्ती, असे ते मानतात. हा समज सोयीचा आहे. माणूस बाहेरून आला म्हटले की त्याची जमीन कुठे गेली हे विचारावे लागत नाही. वस्तुस्थिती अशी की तापीकाठच्या सपाटीवर भिल्ल फार पूर्वीपासून होते. १८१८ मध्ये इंग्रजांनी खानदेश घेतला तेव्हा त्यांची पहिली झुंज या भिल्लांशीच झाली. फौजा पाठवून ते आवरेनात, तेव्हा १८२५ मध्ये सरकारने धोरण बदलले. भिल्लांसाठी एजन्सी नेमल्या, औट्रम याने भिल्लांचीच पलटण उभी केली, आणि शरण येणाऱ्यांना माफी, तगाई व नांगराखाली जमीन देऊन वस्त्या वसवल्या. १८५७ साली खाज्या नाईक, भागोजी नाईक उठले ते याच समाजातून. इंग्रजांच्या लेखी भिल्ल एक तर शिपाई होता नाहीतर दरोडेखोर. या दोहोंच्या मधला, शेत कसणारा भिल्ल दप्तरात फारसा दिसत नाही.

गावगाड्यातही त्याला एक जागा होती. खानदेशातल्या गावांत जागल्याचे काम बहुधा भिल्लाकडे असे. रात्री गावाची राखण करायची, चोराचा माग काढायचा, आणि चोरी झाली की पहिला संशयही आपल्यावरच घ्यायचा. महारवाड्यातून आलेल्या माणसाला ही रचना नवी नाही. वेसकराची काठी आणि जागल्याची काठी एकाच झाडाची. गावाला दोघांचे काम हवे होते आणि दोघांचेही घर नको होते. फरक इतकाच की आमच्याकडे वतनाचा कागद होता, तो गुलामीचा असला तरी कागद होता. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा १९५८ चा कायदा आला तेव्हा त्या कागदावर भांडता तरी आले. भिल्लाचा संबंध कागदाशी आला तो फक्त अंगठा देण्यापुरता. इथे आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. या दोन वस्त्यांच्या मध्येही पाण्याचा विटाळ होता, आणि तो गावकुसाच्या आत बसलेल्यांना नेहमीच फायद्याचा ठरला.

त्या अंगठ्याचा इतिहास हाच भिलाटीचा खरा इतिहास आहे. इंग्रजांनी जमिनीची मोजणी केली, रोख शेतसारा बसवला आणि खातेदाराच्या नावावर जमीन विकता येईल, गहाण टाकता येईल अशी केली. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवीच्या काळात कापसाचे भाव चढले आणि खानदेशच्या काळ्या जमिनीला किंमत आली. १९०० च्या सुमारास सुरतेहून येणारी तापी खोऱ्यातली रेल्वे सुरू झाली. त्याच सुमारास छप्पन्नचा दुष्काळ पडला. हातात रोकड नसलेला भिल्ल, दारात सावकार आणि बाजारात चढणारी जमीन, या तिघांची गाठ पडल्यावर काय होणार? बैलासाठी, लग्नासाठी, पोटासाठी उचललेल्या किरकोळ रकमेपोटी शेते गेली. ती सावकाराकडे आणि कसबी शेतकरी जातींच्या मोठ्या घरांकडे गेली. शेत गेले तरी शेतावरचा माणूस मात्र हवाच होता.

म्हणून सालदारी आली. आखाजीला साल ठरते. उचल घेतली की पुढच्या आखाजीपर्यंत माणूस त्या घराचा. उचल फिटली नाही तर पुढचे सालही त्याच घरी. सालदार हाकेच्या अंतरावर लागतो, पण वाड्यात चालत नाही. भिलाटीचे ठिकाण या दोन गरजांनी ठरवले. ती गावापासून इतकी जवळ की पहाटे गोठ्यात हजर होता यावे, आणि इतकी दूर की सावली पडू नये. पुष्कळदा ज्या शेतात एके काळी वस्तीतल्याच एखाद्या घराची कुळवणी चाले, त्याच शेताच्या बांधावर त्या घराची झोपडी उभी राहिली, मालकाच्या मेहरबानीने!

ही मेहरबानी किती पातळ होती ते २ मे १९७१ रोजी शहादा तालुक्यातल्या पाटीलवाडीला दिसले. दुष्काळी दिवसांत भुकेलेल्या भिल्लांनी जमीनदाराकडचे धान्य घेतले. त्यांच्यावर बंदुकांसह जमाव चालून आला, एक आदिवासी मारला गेला, आणि दरोड्याचा आळ आला तो भिल्लांवरच. दीडशे वर्षांपूर्वीचा तो जुना शब्द अजून वापरात होता. पण या वेळी भिलाटी गप्प राहिली नाही. अंबरसिंग सुरतवंती हा भिल्ल समाजातलाच कार्यकर्ता आधीपासून गावोगाव हिंडत होता. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्याला भूमुक्ती परिषद झाली, त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. गेलेल्या जमिनी परत मागणे, सालदाराची मजुरी वाढवणे, सुटी मागणे, या मागण्या आज साध्या वाटतात. त्या वेळी त्यांना उत्तर म्हणून बड्या शेतकऱ्यांनी पीक संरक्षणाच्या नावाखाली हत्यारबंद राखणदार ठेवले होते. अंबरसिंग १९७४ मध्ये अकाली गेले.

या चळवळीतला बायकांचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. सभेला पुरुष बोलत, पण दारूची मडकी फोडायला १९७२-७३ मध्ये बायका निघाल्या, एका गावातून दुसऱ्या गावात. सालदाराची उचल जिथे बुडते ती जागा त्यांनी नेमकी ओळखली होती. भिलाटीत दारू असणे मालकाच्या हिताचे होते, हे कोणा अभ्यासकाने सांगण्याआधी त्यांना ठाऊक होते. याच मातीतून वाहरू सोनवणे यांच्यासारखा कवी आला. भिलोरीत आणि मराठीत लिहिणाऱ्या या कवीची ‘स्टेज’ ही कविता आपल्याला अस्वस्थ करते, कारण ती आदिवासींच्या वतीने बोलणाऱ्या सगळ्यांकडे बोट दाखवते. आपणही त्यात आलो.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार, आणि तीत शंभरातले ६९ आदिवासी. जिल्ह्याचे ठिकाण झाल्यावर शहर पसरू लागले. शेते बिगरशेती झाली, प्लॉट पडले, कॉलन्या उठल्या. शहर भिलाटीला वळसा घालून पुढे गेले आणि गावाबाहेरची वस्ती गावात आली. आता गंमत पाहा. काल उठलेली कॉलनी कायदेशीर, कारण तिच्याकडे बिगरशेतीचा आदेश आहे. तिच्याआधी दोन-तीन पिढ्या तिथे राहणारी भिलाटी मात्र अनेक ठिकाणी अतिक्रमण. कॉलनीतली धुणीभांडी, बांधकामावरची पाटी आणि मिरचीच्या पथारीवर उन्हात लाल मिरची पसरण्याचे काम भिलाटीतल्या बायका करतात. दिवाळीनंतर अर्धी वस्ती कुलूप लावून गुजरातेत ऊसतोडीला जाते. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. माणसाचे नावच हत्यारावर आले. मुले बरोबर जातात आणि शाळेच्या हजेरीपटावर नाव तेवढे मागे राहते. माझ्या वर्गात भिलाटीतून जे पोचतात ते या चाळणीतून उरलेले आहेत.

हेच विद्यार्थी आता म्हणतात, भिलाटी नको, एकलव्यनगर म्हणा. कितीतरी वस्त्यांवर तशा पाट्या लागल्याही आहेत. त्यांचे म्हणणे रास्त आहे. महारवाड्याचे भीमनगर करताना आम्हीही कोणाला विचारले नव्हते. पण एकलव्य हे नाव मला थोडे खटकते. ज्यांची शेते अंगठ्याने गेली त्यांनी अंगठा देणाऱ्याचेच नाव घ्यावे का? शासन तर त्याहून पुढे गेले, त्याने आदिवासींच्या घरकुल योजनेला शबरीचे नाव दिले. एकलव्याने अंगठा दिला, शबरीने बोरे दिली. या पुराणांत आदिवासीने द्यायचेच असते. विद्यार्थी यावर उत्तर देतात की एकलव्य धनुर्धर होता, आम्ही त्याचा बाण घेतो, अंगठा नाही. हेही उत्तर खोडून काढण्यासारखे नाही.

मात्र शबरीचे घरकुल मिळायला पायाखालची जागा आपली असल्याचा पुरावा लागतो, आणि तिथे नवी पाटी उपयोगी पडत नाही. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा १९७४ चा कायदा आहे, पण तो पाहतो १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातले व्यवहार. आजोबा-पणजोबांच्या अंगठ्याला त्यात जागा नाही. जुने फेरफार तहसील कचेरीच्या दप्तरात आहेत, त्यांच्या नकला मागता येतात. मी इतिहासाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी शिवाजीची स्वारी न देता हे काम देतो. भिलाटीतल्या म्हाताऱ्यांना विचारा, तुमचे शेत कोणते होते. पुष्कळांना शेताचे नाव सांगता येते, बांधावरचे झाड सांगता येते, आणि आज ते कोण कसते तेही. मग गटनंबर शोधायचा आणि दोन्ही शेजारी शेजारी लिहायचे.