व्हायोलिनसमोरचा मुलगा

टेबलावर व्हायोलिन, आणि समोर हातांवर डोकं टेकून त्याच्याकडे बघत बसलेला लहान मुलगा. वाजवायचा कंटाळा आलाय, की वाजवता येत नाही म्हणून खट्टू झालाय? कार्डावर उत्तर नाही. ते बघणाऱ्याने द्यायचं, आणि देता देता तो स्वतःच्या मनातलं बोलून जातो.

'थीमॅटिक अ‍ॅपरसेप्शन टेस्ट' म्हणजे टीएटी या चाचणीचं हे पहिलं कार्ड, व्हायोलिनवादक येहुदी मेन्यूहिन यांच्या लहानपणच्या फोटोवरून रेखाटलेलं. चाचणीचा उगम मात्र घरगुती. हार्वर्डच्या सायकॉलॉजिकल क्लिनिकचे प्रमुख हेन्री मरे यांना एका विद्यार्थिनीने सांगितलं, की तिचा आजारी मुलगा घरी पडल्या पडल्या मासिकांतली चित्रं बघून गोष्टी रचत असतो. क्लिनिकमध्ये असं करून बघता येईल का? मग मासिकं चाळून चित्रं कापायला सुरुवात झाली.

त्यांतली बरीच चित्रं नव्याने रेखाटली मरे यांच्या क्लिनिकमधल्या सहकारी क्रिस्तियाना मॉर्गन यांनी. या कामाला त्यांच्याइतकं योग्य माणूस क्वचितच मिळालं असतं. 1926 साली झुरिकला कार्ल युंग यांच्याकडे मनोविश्लेषण करून घेताना डोळ्यांपुढे येणारी दृश्यं त्या रंगवू लागल्या. पुढे त्याच चित्रांवर युंग यांनी 1930 ते 1934 या काळात व्याख्यानं दिली. जिभेवर न येणारं कागदावर कसं उतरतं, हे मॉर्गन यांनी स्वतः अनुभवलं होतं.

संचातल्या एका कार्डावर कोचाला टेकून जमिनीवर कोसळलेली पाठमोरी आकृती आहे. बाई की मुलगा, कळत नाही. शेजारी एक छोटी वस्तू पडलीय. कुणाला ते पिस्तूल वाटतं, कुणाला किल्ल्या. आधी काय घडलं, आत्ता या माणसाला काय वाटतंय, पुढे काय होईल, एवढंच विचारायचं.

1935 साली या पद्धतीवर निबंध छापून आला, तेव्हा मॉर्गन यांचं नाव आधी होतं आणि मरे यांचं नंतर. 1943 साली 31 कार्डांचा संच प्रसिद्ध झाला, तेव्हा मॉर्गन यांचं नाव लेखक म्हणून राहिलं नाही. हा अन्याय होता, असंच म्हणावं लागतं.

सैन्यात अधिकारी व्हायला एसएसबीच्या (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड) निवड चाचण्यांची तयारी करणाऱ्या मराठी मुलामुलींना टीएटी चांगली ठाऊक असते. एक चित्र 30 सेकंद दिसतं, मग चार मिनिटांत गोष्ट लिहायची. अशी अकरा चित्रं होतात. बाराव्या वेळी समोर कोरी चौकट येते, आणि चित्रही ज्याचं त्याने मनात काढायचं असतं.